अर्ध्या किल्लीने नोंद शोधणे
(दिग्रस येथील व्याख्यान)



आपल्या दिग्रसचा पिन क्रमांक ४४५२०३ आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. ही पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्राच्या दळणवळण मंत्रालयातील मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. या सहा अंकांचे मर्म असे की ते डावीकडून वाचावयाचे. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा विभाग. ४४५ म्हणजे यवतमाळकडची थैली. पुढे २०२ दारव्हा, २०३ दिग्रस, २०४ पुसद. शेवटचे अंक पुसले गेले तरी पत्र यवतमाळपर्यंत येतेच. कोबॉल भाषेतील ज्या युक्तीविषयी मी बोलणार आहे, ती नेमकी हीच.

कोबॉलची आखणी १९५९ साली सुरू झाली. ती म्हातारी झाली असे म्हणतात. पण एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा तेथील गव्हर्नरांना कोबॉल जाणणारे लोक जाहीरपणे मागावे लागले. असो.

समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जांची फाईल आहे. प्रत्येक अर्जाची किल्ली दहा अक्षरांची: सहा अंकी पिन आणि त्यापुढे चार अंकी अर्ज क्रमांक. पुस्तकाच्या मागे सूची असते तशी या किल्ल्यांची चढत्या क्रमाची सूची यंत्र ठेवते. म्हणून हिला इंडेक्स्ड फाईल म्हणतात. पूर्ण किल्ली दिली की ‘रीड’ ही आज्ञा ती एक नोंद तत्काळ काढून देते. पण ४४५ ने सुरू होणारे सगळे अर्ज हवे असतील तर? नुसते ४४५ भरून ‘रीड’ म्हटल्यास यंत्र उरलेल्या रिकाम्या जागाही किल्लीचाच भाग समजते आणि अशी नोंद नाही म्हणून २३ हा संकेत देते.

येथे ‘स्टार्ट’ ही आज्ञा कामी येते. फाईलच्या वर्णनात किल्लीचे तुकडे पाडावेत आणि पहिल्या तीन अक्षरांना स्वतंत्र नाव द्यावे. त्यात ४४५ घालून त्या नावाने ‘स्टार्ट’ केले की यंत्र तेवढीच तीन अक्षरे ताडून पाहते. मात्र ‘स्टार्ट’ काहीच वाचत नाही. ती फक्त योग्य पानावर बोट ठेवते. वाचायचे काम ‘रीड नेक्स्ट’चे. फाईल ‘डायनॅमिक’ पद्धतीने उघडली असेल तर ‘नेक्स्ट’ हा शब्द विसरून चालत नाही, नाहीतर यंत्र पुन्हा पूर्ण किल्ली शोधू लागते.

अट दोन प्रकारे घालता येते. ‘इक्वल’ म्हटले आणि ४४५ चा एकही अर्ज नसला, तर यंत्र सरळ नकार देते. ‘नॉट लेस दॅन’ म्हटले तर ते तक्रार न करता पुढच्या नोंदीवर बोट ठेवते, मग ती इंदूरच्या ४५२००१ ची का असेना! आणि अट कोणतीही घाला, कोठे थांबायचे ते यंत्राला कळत नाही. यवतमाळचे अर्ज संपले तरी ‘रीड नेक्स्ट’ इंदूरचे देऊ लागेल. प्रत्येक नोंद वाचल्यावर पहिली तीन अक्षरे अजून ४४५ आहेत ना, हे आपणच तपासावयाचे.

ही युक्ती डावीकडूनच चालते. २०३ ने संपणारे पिन हवे असतील तर सगळी फाईल वाचण्यावाचून गत्यंतर नाही. किल्लीत आधी काय ठेवायचे हे म्हणूनच पहिल्या दिवशी ठरवावे लागते.

पालकांनी आता विशेष लक्ष द्यावे. नावाचीही किल्ली करता येते; तिला पर्यायी किल्ली म्हणतात. पण आपल्याकडे ‘शेख’ हे इंग्रजीत कोणी ‘एस-एच-ए’ ने सुरू करतो, कोणी ‘एस-एच-ई’ ने, तर कोणी नुसते ‘एस-के’ लिहून मोकळा होतो. मराठी यादीत तर ‘शे.’ एवढ्यावरच भागते, ‘मोहम्मद’चे ‘मो.’ होते, ‘अब्दुल’चा नुसता ‘अ.’ उरतो. आपल्या लेखी हे एकच नाव. यंत्राच्या लेखी निरनिराळी घराणी. खिडकीवरचा कारकून पहिली चार अक्षरे टाकतो, नाव दिसत नाही, आणि ‘तुमच्या मुलीचा अर्जच आलेला नाही’ असे सांगतो. अर्ज फाईलमध्ये असतो, फक्त दुसऱ्या पानावर. ‘एस-एच’ एवढीच अक्षरे टाकली तर दोन्ही शेख सापडतात, पण सोबत शर्मा आणि शिंदेही येतात; त्यांना कार्यक्रमाने वगळावे. ‘एस-के’ मात्र तरीही हाती लागत नाही. जन्मदाखला, शाळेचे दाखल रजिस्टर आणि बँकेचे पासबुक या तिन्हींत नाव एकाच तऱ्हेने, पूर्ण लिहिलेले आहे का, हे आज घरी गेल्यावर पाहावे.

विद्यार्थ्यांसाठी: ‘ग्नू कोबॉल’ साध्या संगणकावर फुकट चालते. दारव्हा, दिग्रस, पुसद आणि इंदूर यांच्या दोन-दोन नोंदींची फाईल करा आणि ४४५ ने वाचा. मग यवतमाळकडच्या सहाही नोंदी काढून टाका आणि तोच कार्यक्रम आधी ‘इक्वल’ने, नंतर ‘नॉट लेस दॅन’ने चालवून पाहा.