काळा दोरा



मी स्पेशल इफेक्ट्सचं काम करतो म्हटलं की लोक म्हणतात, "म्हणजे सगळं कॉम्प्युटरच करतो ना?" आज उत्तर देतोच.

१९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं टिपलं आणि पडद्यावर ते झरझर वाढलं. १९३७ मध्ये आपल्या अंधेरीतल्या प्रकाश पिक्चर्सचा 'ख्वाब की दुनिया' आला. अदृश्य माणसाची गोष्ट. बाबूभाई मिस्त्रींनी वस्तू काळ्या दोऱ्यानं हलवल्या. काळा रंग प्रकाश शोषून घेतो, हे विज्ञानाच्या तासाला शिकलोय आपण. काळ्या पार्श्वभूमीवर दोरा दिसला नाही, वस्तू मात्र तरंगली. लोक बाबूभाईंना 'काला धागा' म्हणू लागले. त्यांच्याकडे शिकलेल्या पीटर परेरांनी १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'त अनिल कपूरला गायब केलं, तेही कॉम्प्युटरशिवाय.

आता नट तारेला लटकून उडी मारतो आणि ती तार आम्ही पुसतो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या उडीत १२०. प्रत्येक फ्रेममधली तार काढायची, तिच्यामागची भिंत, आकाश पुन्हा भरायचं. नटाच्या अंगाची कड रेखायची, त्याला रोटो म्हणतात. कड जरा थरथरली की प्रेक्षकाला खोटेपणा जाणवतो. आमचं काम चांगलं झालं, तर ते कुणाला दिसतच नाही.

आता कड आपोआप रेखणारी सॉफ्टवेअर आली आहेत. रात्रपाळीची मुलं विचारतात, "दादा, आमचं काय?" सगळ्यांच्या नोकऱ्या टिकतील, असं खोटं आश्वासन मी देत नाही. पण दोरा गेला, तार आली, उद्या तारही जाईल; चूक कुठे आहे हे ओळखणारी नजर लागणारच. ती एकानं दुसऱ्याला शिकवावी लागते. म्हणून मी नव्या मुलांना आधी पेन्सिल देतो आणि विचारतो, उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडेल? चित्रकलेच्या सरांचाच प्रश्न आहे तो.

तुमच्यापैकी कुणाच्या मुलांना या क्षेत्रात यायचं असेल, तर महागड्या कोर्सआधी त्यांना चित्रं काढू द्या. आणि एक विनंती. सिनेमा संपल्यावर नावं वर सरकत असतात, तेव्हा दोन मिनिटं बसून राहा. तार पुसणाऱ्या एखाद्या मुलाचं नाव त्यात असतं, आणि त्याची आई ते शोधत असते.