‘कायापालट’ ह्या शब्दाविषयीं
(आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं केलेलें भाषण)



ह्या मंगल दिवशीं एका नित्याच्या शब्दाचा विचार करावा, असें आम्हांस वाटतें. जुनी वस्ती पडून तेथें उंच इमारती उठल्या, कीं लोक म्हणतात, ‘कायापालट झाला!’ शब्द कानास गोड लागतो. पण ही काया कोणाची?

वैद्यकांत कायाकल्प म्हणजे जीर्ण देहास पुनः तारुण्य आणणें. देह नवा होतो, माणूस तोच राहतो. वस्तीचें पुष्कळदां उलट घडतें: घरें नवीं होतात आणि माणसें जातात. १९६४ सालीं लंडन येथील रूथ ग्लास ह्या विदुषीनें ह्या प्रकारास ‘जेन्ट्रिफिकेशन’ असें नांव दिलें. ‘जेन्ट्री’ म्हणजे जमीनजुमला असलेला प्रतिष्ठित वर्ग. कामकऱ्यांच्या वस्तींत सुखवस्तु लोक येतात, भाडीं चढतात आणि मूळचे रहिवासी बाहेर पडतात. त्या शब्दांत निदान माणसें दिसतात. आपल्या शब्दांत केवळ दगडविटा.

मुंबईचें गिरणगांव पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते. पुढें गिरण्या बंद पडल्या. फिनिक्स मिलच्या जागीं मॉल आला. दलाल लोअर परळास ‘अप्पर वरळी’ म्हणूं लागले. वस्तीचें नांवही उरूं नये ना!

आपल्या कोल्हापुरांतही १९०६ सालच्या शाहू मिलचा भोंगा थांबला आहे आणि पेठांतील जुने वाडे पडत आहेत. सुधारणा नको, असें आम्ही म्हणत नाहीं. गळक्या छपराखालीं दिवस कंठणाऱ्यास पक्कें घर मिळणें हें पुण्यच होय. मात्र तें त्यालाच मिळालें पाहिजे.

‘ज्युबिली’ हा शब्द मूळ हिब्रू ‘योबेल’ ह्यावरून आला. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत आज्ञा आहे, कीं पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें आणि ज्याची वडिलार्जित भूमि गेली असेल, त्यानें तिच्याकडे परत जावें. आपल्या उत्सवाच्या नांवांतच परत येणें आहे.

म्हणून, बंधूंनो, तुमच्यापैकीं कोणी जुनें घर बांधकामास देणार असेल, तर सही करण्यापूर्वीं त्यानें विचारावें: मागील खोलींतील म्हातारीची चूल उद्यां कोठें पेटेल? रविवारीं मिस्साला एखादें कुटुंब दिसेनासें झालें, तर शेजाऱ्यांनीं त्याचा शोध घ्यावा. आणि नव्या घरांत जुनींच माणसें सायंप्रार्थनेस बसतील, तेव्हांच आपण म्हणावें, कायापालट झाला.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.