'मित्र' या शब्दाच्या आड

ता. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, दोन सज्ञान व्यक्तींनीं परस्परांच्या संमतीनें व खासगींत ठेवलेला समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे. भरतनाट्याचे नर्तक नवतेजसिंग जोहर व त्यांचे सहकारी यांच्या अर्जावर हा निकाल झाला. त्यांतील दोन गोष्टी विशेष लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. न्यायमूर्ति इंदु मल्होत्रा यांनीं म्हटलें कीं, या लोकांना व त्यांच्या कुटुंबीयांना जी अप्रतिष्ठा सोसावी लागली, तिच्याबद्दल इतिहासानेंच त्यांची क्षमा मागावयास हवी. न्यायमूर्ति नरिमन यांनीं सरकारला अशी आज्ञा केली कीं, या निकालाची प्रसिद्धि वृत्तपत्रें, दूरदर्शन व नभोवाणी यांच्या द्वारें वेळोवेळीं करावी. न्यायालय निकाल देतें. तो घरोघर पोंचवा असें सहसा सांगत नाहीं. येथें तें सांगावें लागलें, कारण हा प्रश्न कचेरींत जितका आहे त्याहून अधिक घरांत आहे.

जें ३७७ वें कलम या निकालानें निस्तेज झालें, तें या देशांतील धर्मशास्त्रांतून आलेलें नव्हतें. मेकॉले यांच्या मंडळानें १८३७ सालीं दंडसंहितेचा मसुदा तयार केला; १८६० सालीं ती संहिता मंजूर झाली, आणि १ जानेवारी १८६२ पासून तिचा अंमल सुरू झाला. या कलमाखालीं जन्माची शिक्षा, अथवा दहा वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकत असे. ज्या इंग्लंडानें हा कायदा येथें आणला, तेथें व वेल्समध्यें एकवीस वर्षांवरील पुरुषांपुरता तो १९६७ सालींच सैल करण्यांत आला. येथें मात्र स्वराज्य आल्यावरही तो एकाहत्तर वर्षें टिकून राहिला. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २ जुलै २००९ रोजीं त्याची नांगी मोडली होती. परंतु ११ डिसेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. त्या वेळीं एक कारण असें दाखविण्यांत आलें कीं, दीडशें वर्षांत या कलमाखालीं दोनशेंहूनही कमी लोकांवर खटले झाले आहेत.

आंकडा खरा असला तरी त्यावरून काढलेलें अनुमान खरें होतें काय? ज्याच्यावर खटला होतो त्याची नोंद राहते. ज्याला खटल्याची भीति घालून लुबाडलें जातें, तो फिर्याद तरी कोणाकडे नेणार? फिर्याद करावयास जावें, तर आपणच गुन्हेगार असल्याची कबुली द्यावी लागे. घरमालकाची 'जागा सोडा' अशी सूचना, धन्याची वक्रदृष्टि, चौकीवरील दमदाटी, आणि या सर्वांहून मोठी म्हणजे 'घरीं कळलें तर काय होईल' ही धास्ती, यांची मोजदाद कोणत्याच दप्तरांत झालेली नाहीं. आपल्याकडे 'झांकली मूठ सव्वा लाखाची' अशी म्हण आहे, आणि अब्रूच्या व्यवहारांत ती प्रमाण मानली जाते. परंतु सव्वा लाखाचा मान मिळतो तो घराण्याला. मूठ आवळून ज्याचीं बोटें आंबून जातात त्याला काय मिळतें, याचा हिशेब त्या म्हणींत नाहीं.

या झांकाझांकींत सर्वांत अधिक उपयोगी पडलेला शब्द म्हणजे 'मित्र'. दोन पुरुष वीस वर्षें एका बिऱ्हाडांत राहिले, दुखण्याखुपण्यांत एकमेकांच्या उशाशीं बसले, तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते 'मित्र'. स्त्रिया असल्या तर त्या 'मैत्रिणी'. शब्द चांगला आहे. पण चांगला शब्दही जेव्हां सत्य सांगण्यासाठीं नव्हे, तर झांकण्यासाठीं वापरावा लागतो, तेव्हां तो ओझें होतो. विजय तेंडुलकर यांच्या १९८१ सालीं रंगभूमीवर आलेल्या नाटकाचें नांव 'मित्राची गोष्ट' असें आहे. त्यांतील नायिका सुमित्रा, जिला सारे 'मित्रा' म्हणतात, ती एका स्त्रीवर प्रेम करते. रोहिणी हट्टंगडी यांनीं ही भूमिका केली होती. समाजाला तिचें प्रेम पेलत नाहीं, तिला स्वतःलाही तें पेलवेनासें होतें, आणि शेवट तिच्या आत्मनाशांत होतो. अशोक राव कवी यांनीं १९९० सालीं मुंबईंत समलिंगी लोकांसाठीं नियतकालिक काढलें, त्याचें नांव 'बॉम्बे दोस्त'. २ जुलै १९९९ रोजीं कलकत्त्यांत पंधरा माणसांनीं या हक्कांसाठीं रस्त्यावरून फेरी काढली, तिलाही त्यांनीं मैत्रीचीच फेरी म्हटलें. दोस्ती, मैत्री, मित्रा! खऱ्या नात्याला स्वतःच्या नांवानें हांक मारण्याची सोय नसली म्हणजे तें असें शेजारच्या शब्दाच्या घरीं आश्रय घेतें.

खऱ्या नांवानें बोलण्याचा प्रयत्न मराठींत झालाच नाहीं, असें मात्र नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलें, आणि तें ते आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ सालापर्यंत, चालवीत राहिले. कामजीवनाविषयीं वाचकांनीं विचारलेल्या प्रश्नांना ते सरळ भाषेंत उत्तरें देत. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न येई. अशाच उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं घेतलें. या विषयावर लिहिलेलें सर्वच लिखाण अश्लील ठरूं शकत नाहीं, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला व कर्व्यांना दंड झाला. पुढें १९७३ सालीं अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघानें समलिंगी आकर्षण हें रोगांच्या यादींतून वगळलें. १७ मे १९९० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनेंही तेंच केलें. अशा व्यक्तीला 'बदलून' देण्याचे उपचार करणें हें वैद्यकीय व्यवसायांतील गैरवर्तन होय, असें आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २०२२ सालीं ठरविलें. ज्या ज्ञानाबद्दल कर्व्यांनीं दंड भरला, तें आज वैद्यकाचें अधिकृत मत आहे.

आतां पुष्कळ सुशिक्षित घरांत असें म्हणतात कीं, 'कायद्यानें सुटका झाली तें ठीक झालें. पण मग या मिरवणुका कशाला? आपलें खासगी आयुष्य चव्हाट्यावर कशाला मांडावें?' हा आक्षेप दुष्टपणाचा नसतो, म्हणून त्याला उत्तर दिलें पाहिजे. मुंबईंत १६ ऑगस्ट २००८ रोजीं ऑगस्ट क्रांति मैदानापासून गिरगांव चौपाटीपर्यंत अशी यात्रा निघाली. २०११ सालापासून पुण्यांतही निघूं लागली. सप्तरंगी म्हणून ओळखला जाणारा ध्वज तिच्या पुढें असतो. तो १९७८ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें गिल्बर्ट बेकर यांनीं प्रथम उभारला. हें प्रदर्शन आहे हें खरें. परंतु स्त्रीपुरुषांचें दांपत्य दिवसभर काय करीत असतें? गळ्यांतील मंगळसूत्र, दारावरील दोघांच्या नांवांची पाटी, भिंतीवरील लग्नाचें छायाचित्र, दरवर्षीं होणारा लग्नाचा वाढदिवस, हें सारें प्रदर्शनच नव्हे काय? लग्नांत तर वडीलधाऱ्यांच्या देखत उखाण्यांत जोडीदाराचें नांव घेण्याचा आग्रह होतो, आणि लाजत लाजत नांव घेतलें म्हणजे सर्व घर आनंदानें हंसतें. त्या हंसण्यांत घराची मान्यता असते. जे लोक वर्षांतून एकदां रस्त्यावर ओरडून सांगतात, त्यांना उरलेले तीनशें चौसष्ट दिवस घरांत नांव घेतां येत नाहीं, म्हणून तर ते ओरडतात.

कायद्याचें कामही अजून पुरें झालेलें नाहीं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क नाहीं, आणि तशी तरतूद करणें हें कायदेमंडळाचें काम होय. जानेवारी २०२५ मध्यें फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. तथापि २०२४ सालीं केंद्र सरकारनें कांहीं लहान दिसणाऱ्या, पण संसाराला लागणाऱ्या गोष्टी स्पष्ट केल्या. अशा जोडीदारांना बँकेंत संयुक्त खातें उघडण्यास व एकमेकांचें नांव वारस-नियुक्तीसाठीं देण्यास हरकत नाहीं. शिधापत्रिकेसाठीं त्यांना एकाच कुटुंबांतील समजावें. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील, तेव्हां मृत जोडीदाराचा देह ताब्यांत घेण्याचा हक्क दुसऱ्याला असावा. ही शेवटची गोष्ट वाचतांना मन थबकतें. वीस वर्षें ज्याची सोबत केली, त्याला अग्नि देण्यासाठीं सरकारी पत्र निघावें लागलें. कारण रुग्णालयाच्या दारांत 'आपण यांचे कोण?' या प्रश्नाला 'मित्र' हें उत्तर पुरत नाहीं.

तात्पर्य, जें उरलें आहे त्यांतील फार मोठा भाग न्यायालयाच्या नव्हे, तर कुटुंबाच्या हातीं आहे. मुलगा लग्न नको म्हणतो, मुलगी स्थळें नाकारते, तेव्हां 'एकदां लग्न झालें कीं सारें सुरळीत होईल' असें म्हणून बोहल्यावर उभें करण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यांत एकाचें नव्हे, दोघांचें आयुष्य वायां जातें. आणि ज्या परक्या घरच्या मुलीचा अथवा मुलाचा कांहीं अपराध नाहीं, त्याची फसवणूक होते, ती निराळीच. सचिन कुंडलकर यांच्या २००६ सालच्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरींत एका पुणेरी घरांतील भाऊ व बहीण एकाच तरुणावर प्रेम करतात. बहिणीचें दुःख घराला निदान दिसतें. भावाचें दुःख त्याच छपराखालीं कोणाला दिसत नाहीं. असे भाऊ व अशा बहिणी कल्पनेंतच असतात, असें मानण्याचें कारण नाहीं.

यासाठीं आईबापांनीं मोठें तत्त्वज्ञान शिकावयास नको. अपत्य सांगावयास आलें असतां त्याचें पुरतें ऐकून घ्यावें. शपथा घालूं नयेत, वैद्य शोधूं नयेत, आणि 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न त्या दिवशीं तरी तोंडांतून काढूं नये. पुढें कधीं तें आपल्या जोडीदाराला घरीं घेऊन येईल, तेव्हां पाहुण्यांना ओळख करून देतांना 'हा त्याचा मित्र' असें न म्हणतां त्याचें नांव घ्यावें, आणि नातें काय तें सांगावें. शिधापत्रिकेवर दोघांना एका घरचे मानण्यास सरकार तयार झालें आहे. घरानें त्याहून मागें राहणें शोभत नाहीं.