गोष्ट सुचते कुठून?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीस वहिनींनी मला हा विषय दिला, तेव्हा मी म्हटले, "अहो वहिनी, माझी शाळा सातवीत संपली. मला व्याख्यान कुठले जमायला?" तर त्या म्हणाल्या, "श्रावणात कहाणी सांगतीस की! तसंच बोल." तेव्हा काही उणेअधिक झाले तर बोल त्यांना लावावा.

गोष्ट सुचते कुठून, असे मला पुष्कळजणी विचारतात. माझ्यापुरते सांगायचे तर ती कानातून आली. माझे माहेर पन्हाळ्याच्या बाजूचे. आजीला अक्षरओळख नव्हती, पण श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी ती पुस्तकावाचून सांगायची. भाऊ सगळ्या गावाला जेवायला बोलावतो आणि गरीब बहिणीला तेवढे विसरतो, ती कहाणी आपणां सर्वांना ठाऊक आहे. पुढे बहिणीला बरे दिवस येतात, भाऊ आग्रहाने बोलावतो आणि ती पानातला एकेक पदार्थ आपल्या दागिन्यांवर ठेवते. आजी हा भाग एरवी झटक्यात उरकायची. पण ऐकायला बसलेल्यांत भावाशी अबोला धरलेली एखादी असली, की आजी तिथे रेंगाळायची. भाऊ कसा वरमला, बहिणीने मग काय केले, हे सावकाश सांगायची. तिच्याकडे बघायची मात्र नाही. ऐकणारी पदर डोळ्यांना लावायची. गोष्ट तीच, पण माणूस बघून ती लांबवायची किंवा आखडायची, हे मी आजीकडूनच उचलले.

आपल्या जिल्ह्याला तर कथेची मोठी परंपरा आहे. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टण कोडोलीचे शंकर पाटील घ्या. 1958 साली त्यांचा 'वळीव' हा संग्रह निघाला. आपण दारात, बांधावर बोलतो ती बोली त्यांनी कथेत आणली. पुढे ते, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार असे तिघे व्यासपीठावर बसून कथा सांगत. माझे सासरे अशा कार्यक्रमाला गेले होते. शंकर पाटलांनी नुसते थांबून लोकांना हसवले, असे ते सांगत. कागलचे आनंद यादव शिकण्यासाठी घराशी झगडले. त्या झगड्याची 'झोंबी' 1987 साली प्रसिद्ध झाली. भाऊसाहेब खांडेकरांना 1974 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीतला पहिलाच. डोळे अधू झाल्यावर ते तोंडाने सांगत आणि दुसरे कोणी लिहून घेई.

सगळे पुरुषच झाले, असे मागून कोणीतरी पुटपुटले वाटते! बरोबर आहे. म्हणून बहिणाबाई चौधरींचे नाव घेते. जळगावकडच्या या शेतकरी बाईला लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात राबताना त्या गाणी रचीत. ती घरच्यांनी टिपून ठेवली. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. सोपानदेव चौधरी स्वतः कवी होते म्हणून आईच्या गाण्यांचे मोल त्यांना कळले. पण ज्यांचा मुलगा कवी नव्हता, त्या बायांच्या गाण्यांचे काय झाले असेल? माझ्या आजीच्या चाळीसेक गोष्टी असाव्यात. मला आठवतात अकरा.

म्हणून मी वही केली. मुलाच्या जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून केलेली ही वही पिठाच्या डब्यामागे असते. भाकरी थापताना काही सुचले तर हात धुऊन एकच शब्द लिहिते, 'फुटका तांब्या' असे काहीतरी. तेवढ्यावर रात्री सगळे आठवते. घरी थट्टा होते. होईना का, वेळेवर जेवण मिळते आहे ना!

2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांवर गेले, हे आपण विसरलेलो नाही. पुणे-बंगळूर महामार्ग बंद, दूध नाही, वीज नाही. आम्ही काहीजणी एका शाळेत पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या घेऊन जात होतो. रात्री एका पोरीने हात धरला, "काकू, गोष्ट सांगा की." मी कोल्ह्याची सुरू केली आणि बोलता बोलता त्यात एक दुष्ट नदी आली. कोपऱ्यातल्या म्हातारीचे घर पाण्यात होते. ती ताडकन उठून बसली. "नदीला दुष्ट म्हणू नगंस, बाय. तिचं पाणी पिऊन वाढलोय आम्ही. कोल्ह्यालाच लबाड कर." मी म्हटले, "मग आजी, पुढचं तुम्हीच सांगा." आणि तिने सांगितले. पोरे झोपली तरी म्हातारी थांबेना. मी तांब्याभर पाणी ठेवून ऐकत बसले.

आणखी एक सांगते. गोष्ट कोणाची, हे आधी बघावे लागते. आपल्यातल्याच एकीवर बेतलेला प्रसंग दोन वर्षे माझ्या मनात घोळत होता. तिला विचारल्यावाचून मी तो तोंडातून काढला नाही. विचारले, तेव्हा बराच वेळ ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "सांग. नाव बदल, गाव बदल. पण ती रडली असं सांगू नको. मी रडले नव्हते."

ती गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. सांगायला घेतले की ती रडते, आणि ते चालायचे नाही.

आता एक विनंती. मंडळासाठी मी दोनशे पानी वही आणली आहे. दर मंगळवारी भजनानंतर एका वडीलधाऱ्या बाईने गोष्ट सांगावी आणि ज्यांचे अक्षर बरे आहे त्यांनी ती उतरवून घ्यावी. आक्का, पहिला मंगळवार तुमचा. नाही म्हणू नका, तुमच्या सासूबाईंची म्हशीची गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही.