भात पिकलं, म्हणून दुष्काळ नाही?

(महिला संघटनांच्या शिबिरातील भाषण)

तुमच्यापैकी बऱ्याचजणी मुंबईहून आल्या आहात. तुमच्या नळाचं बरंचसं पाणी मी काम करते त्या शहापूर तालुक्यातून येतं. तानसा 1892 पासून मुंबईला पाणी देतो आहे. आज मुंबईच्या पाण्यात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा आहे. आणि याच तालुक्यातल्या डोंगरपाड्यांवर मार्च उजाडला की बाया रात्री दोनला उठून झिऱ्याशी नंबर लावतात.

दुष्काळ म्हटलं की आपल्याला 1972 आठवतं. पाऊस नाही, पीक नाही, खडी फोडायला निघालेली गावं. डोंगरातला दुष्काळ तसा नाही. इथे दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ आणि जमीन उताराची. पाणी मुरत नाही, वाहून जातं. जंगल तुटलं तसं मुरणं आणखी घटलं. म्हाताऱ्या बाया सांगतात, "सासूच्या वेळी झिरा होळीनंतरही चालायचा. आता त्याआधीच आटतो."

तालुका दुष्काळात धरा, असा अर्ज घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "भात चांगलं आलंय, पैसेवारी 50 च्या वर आहे. ही टंचाई आहे, दुष्काळ नव्हे." आमच्यातली एक आजी म्हणाली, "साहेब, भात कणगीत हाय. शिजवायला पाणी कुठं हाय?"

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. टंचाई म्हटली की फार तर टँकर येतो. दुष्काळ जाहीर झाला तर परीक्षा-शुल्काची माफी मिळते, रोजगार हमीच्या निकषांत सवलत मिळते. 2016 च्या दुष्काळ संहितेने पैसेवारी मागे टाकली, पण तिचाही पहिला प्रश्न असतो, पाऊस किती कमी पडला? आमच्याकडे पाऊस पडलेलाच असतो! म्हणजे जुनं माप असो की नवं, आम्ही त्याच्या बाहेरच.

सरकार पाऊस मोजतं, पीक मोजतं. बाईच्या खेपा कोण मोजतं? सातव्या महिन्यातही डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणारी सून कुठल्या तक्त्यात आहे? धाकट्या भावंडांना सांभाळायला सातवीतून शाळा सोडलेली मुलगी कुठल्या रकान्यात बसते? हे श्रम फुकटचे, म्हणून दिसत नाहीत. आणि दिसत नाहीत, म्हणून आमचा दुष्काळही दिसत नाही.

म्हणून आम्ही पाड्यापाड्यावर वही ठेवायला सुरुवात केली आहे. झिरा कधी आटला, खेपा किती, वेळ किती, शाळा कुणाची बुडली. ज्यांना लिहिता येत नाही त्या रेघा मारतात. या वह्या आम्ही महिला सभेत आणि मग ग्रामसभेत मांडणार आहोत. आमच्या मागण्या दोन आहेत. दुष्काळ ठरवताना बाईच्या श्रमाचा निकष लावा, आणि धरणाच्या पाण्यात पहिला हक्क धरणाशेजारच्या पाड्यांना द्या.

मुंबईच्या मैत्रिणींनो, दुसऱ्या मागणीवर सहीला तुम्ही याल ना?