माशाच्या घासात आघाडा आणि लसूण
(जालना जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत माशांचे काय काम, अशी कुजबुज मागच्या रांगेत चालली आहे. काम आहे. कडवंचीने शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षे उभी केली ती आपण पाहिली. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि गावोगाव तळी झाली. पाणी मोसंबीसाठी साठवले, तरी त्यात रोहू, कटला, मृगळ सोडता येतात. पाण्याचे दुसरे दाम मिळतात, म्हणून पुष्कळांनी बोटुकली आणून सोडलीही.

या धंद्यात निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचा. विकणारा नेमका तिथेच येऊन उभा राहतो. मासा मेला की अँटिबायोटिकची पुडी, जगला तर वाढीसाठी 'आयुर्वेदिक' पावडर. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना मत्स्यशेतीत बंदी आहे, हे पुडी देणारा सांगत नाही. आणि वनस्पतीच्या पावडरीला चकचकीत डबा लागत नाही, हे तर तो मुळीच सांगणार नाही.

यात शास्त्र आहे का? आहे. आपल्या बांधावरचा आघाडा घ्या. गणपतीच्या पत्रीपुरती त्याची आठवण, एरवी खुरप्याने काढून फेकायचा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोहूच्या खाद्यात आघाड्याचे बी अर्ध्या टक्क्यापर्यंत मिसळले आणि नंतर एरोमोनास नावाचा जिवाणू टोचला. अंगावर लाल चट्टे, जखमा, फुगलेले पोट हा याच जिवाणूचा प्रताप. बी खाल्लेले मासे जास्त जगले. २००७ साली लसणाचा तसाच प्रयोग रोहूवरच झाला, किलोमागे १ ते १० ग्रॅम. पुढे २०१० साली मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अश्वगंधाच्या मुळीचे चूर्ण तपासले. किलोमागे २ ग्रॅमला गुण चांगला आला.

आता आपला हिशेब. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात ५०० मासे, प्रत्येकी पाव किलोचे. एकूण वजन सव्वाशे किलो. रोज वजनाच्या २ टक्के खाद्य धरले तर अडीच किलो. त्यात लसूण २५ ग्रॅम, म्हणजे एखादा गड्डा. अश्वगंधा ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर. एवढ्यासाठी उधारीवर डबा घ्यायचा काय? लसूण ठेचून दहा मिनिटे ठेवावा, मग भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा ओला करून त्यात मिसळावा. शिजवू नये. शिजवला की त्याची धार गेली.

ही पावडर आजार येण्याआधी काही आठवडे घासातून गेली तर उपयोग. आजार आल्यावर तिच्याकडून चमत्काराची आशा धरू नये. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर पाण्यात प्राणवायू संपला आहे. तिथे लसूण नाही, मोटार चालू करून पाणी उसळवणे हाच उपाय. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरते, तेव्हा दाटी होण्याआधी मासे काढून विकावेत. २०१२-१३ च्या दुष्काळात इथे मोसंबीच्या बागा वाळल्या. तशा वर्षी बाग आधी की मासे आधी, हा प्रश्न कुठली वनस्पती सोडवणार नाही.

आणखी एक. झाडपाला म्हणून काहीही टाकू नका. गेळफळ आणि हिंगणबेट ही औषधी झाडेच आहेत, पण त्यांच्या फळांनी ओढ्यातले मासे मारत आले आहेत लोक. निंबोळी अर्काचेही तसेच. जास्त झाला की मासा मरतो. कपाशीवर फवारलेला पंप तळ्यावर धुणाऱ्याने तर माशांचे नावच काढू नये.

घरच्या दोन वस्तूंबद्दलही. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल असते. म्हशीला चालते म्हणून माशाला घमेलेभर चालत नाही. त्याने वाढ खुंटते. आणि पावसात काळी पडलेली ज्वारी बाजारात कोणी घेत नाही म्हणून तळ्यात ओतू नका. बुरशीचे विष माशाच्या यकृतात जाते, आणि मग गड्डाभर लसूण काय करणार?

आम्ही कृषी पदवीचे कागद दाखवून कुणाला पटवायला आलो नाही. शेजारी शेजारी दोन तळी असतील तर बोटुकली एकाच दिवशी, एकाच गाडीतून घ्या. एकात साधे खाद्य, दुसऱ्यात आघाडा किंवा लसूण. दोन्ही एकदम नको, नाहीतर गुण कुणाचा ते कळणार नाही. महिन्याला प्रत्येक तळ्यातले वीस मासे जाळ्याने काढून वजन करा, मेलेले मोजा, खाद्याचा पैसा मांडा. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या, विकणाऱ्यालाही बोलावू.