बास्केटबॉल खेळणारी मुलगी



बंगळूर शहराच्या मध्यवस्तीत, कब्बन उद्यानाच्या अंगाला, श्री कंठीरव या नावाचे क्रीडागार उभे आहे. कंठीरव हा संस्कृत शब्द. त्याचा अर्थ सिंह. या भागात एके काळी संपंगी नावाचा तलाव होता. तलाव गेला, क्रीडांगणे आली. जुन्या बंगळुराविषयी जिव्हाळा असणारी माणसे त्या तलावासाठी अजून हळहळतात, आणि ती हळहळ खोटी नाही. परंतु आज मला जे सांगावयाचे आहे ते याच शहरातील आहे. २०१७ सालच्या जुलै महिन्यात आशियाई स्त्रियांच्या बास्केटबॉल करंडकाचे सामने बंगळुरात झाले. वरच्या गटाच्या अंतिम सामन्यात जपानने ऑस्ट्रेलियाला ७४ विरुद्ध ७३ असे, म्हणजे केवळ एका गुणाने हरविले. खालच्या गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे हरविले. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, दोन अजिंक्यपदांचा निकाल मिळून तीन गुणांच्या फरकाने लागला!

भारताच्या त्या संघाची कर्णधार चेन्नईची अनिता पॉलदुरै होती आणि संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमये होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ही बातमी शोधावी लागली, हे आपणांस सांगावयास नकोच. क्रिकेटने व्यापलेल्या पानावर इतर खेळांना जी जागा उरते, तिच्या एका कोपऱ्यात या मुली बसतात.

हा खेळ ज्यांनी कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. क्षेत्र २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. टोपलीचे कडे जमिनीपासून बरोबर दहा फूट उंच. स्त्रियांचा चेंडू पुरुषांच्या चेंडूपेक्षा किंचित लहान असतो. कडे मात्र स्त्रियांसाठी एक बोटभरही खाली आणलेले नाही. चेंडू हाती आला की २४ सेकंदांच्या आत तो टोपलीकडे फेकलाच पाहिजे. त्यामुळे विचार करण्यास उसंत अशी नाहीच. विचार पायांत आणि मनगटांत आधीच मुरलेला असावा लागतो.

मुलींच्या महाविद्यालयाशी या खेळाचे नाते जवळजवळ त्याच्या जन्मापासूनचे आहे. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात हा खेळ शोधून काढला. पुढच्याच वर्षी जवळच्या नॉर्दॅम्प्टन गावी, स्मिथ कॉलेज या मुलींच्या महाविद्यालयात, सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिकेने तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला. मात्र तिने नियम बदलले. मुलींना फार धावणे झेपणार नाही या त्या काळच्या समजुतीला मान देऊन तिने मैदानाचे तीन भाग केले आणि खेळणारणीने आपला भाग सोडावयाचा नाही असे ठरविले. प्रतिस्पर्ध्याच्या हातातून चेंडू हिसकावण्यासही बंदी होती. १८९३ साली तेथे दोन वर्गांत सामना झाला तेव्हा पुरुषांना आत सोडले नव्हते. आज हे ऐकून हसू येते. पण त्या बाईंनी तडजोडीचा का होईना, दरवाजा उघडला. ऑलिंपिकमध्ये मात्र स्त्रियांच्या बास्केटबॉलला स्थान मिळावयास १९७६ साल उजाडले.

आपल्याकडे हा खेळ यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनने आणला. १९२० साली हॅरी बक यांनी मद्रासेत शारीरिक शिक्षणाची संस्था काढली आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी तो शाळाशाळांतून नेला. दक्षिणेत हा खेळ अधिक रुजण्यास हेही एक कारण असावे असे मला वाटते. बंगळुरात जयनगर, मल्लेश्वरम् यांसारख्या वस्त्यांतून संध्याकाळी सिमेंटच्या उघड्या मैदानावर चेंडू आपटल्याचा आवाज येतो. महाराष्ट्रातील कित्येक शहरांत तो शोधीत हिंडावे लागेल.

मुलगी बास्केटबॉल खेळते असे म्हटले की पाहुण्यांचा पहिला प्रश्न तिच्या उंचीविषयी असतो. उंचीचा उपयोग होतो हे कोण नाकारील? तथापि २०१७ साली बंगळुरात जिंकलेला जपानचा संघ पाहा. उंचीच्या बाबतीत तो ऑस्ट्रेलियापुढे उणाच होता. त्यांनी काय केले, तर धावण्याचा वेग वाढविला आणि दुरून, म्हणजे ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून, तीन गुणांची फेक अचूक करण्यावर भर दिला. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले, तेव्हा हाच देश अंतिम फेरीत पोहोचला आणि अमेरिकेखालोखाल रौप्यपदक घेऊन गेला. त्या संघातील रुई माचिदा ही खेळाडू १६२ सेंटिमीटर उंचीची, म्हणजे आपल्या घरातल्या कोणाही मुलीएवढी. उपान्त्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध तिच्या १८ पासांवर सहकारिणींनी टोपल्या केल्या, आणि तो ऑलिंपिकमधील उच्चांक ठरला.

हे कौशल्य येते कोठून? बारा-चौदाव्या वर्षी डाव्या हाताने चेंडू आपटत नेण्याचा कंटाळवाणा सराव केल्याने येते. शिवाय एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याची दुखापत मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. उडी मारून खाली येताना गुडघा आत वळू नये, भार दोन्ही पायांवर यावा, हे वेळीच शिकविले तर हा धोका बराच कमी होतो. शिकविण्यास खर्च काही लागत नाही. शिकविणारा जाणता लागतो. एकदा हा अस्थिबंध तुटला की शस्त्रक्रिया, मग आठ-दहा महिने किंवा वर्षभर विश्रांती, आणि महाविद्यालयाची वर्षे तर मुळात तीनच!

येथे आपण खऱ्या प्रश्नापाशी येतो. महाविद्यालय संपले की या मुलीने काय करावे?

बंगळूरची संजना रमेश ही मुलगी २०१९ साली नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या संघात गेली. ते विद्यापीठ फ्लॅगस्टाफ या गावी, सुमारे सात हजार फूट उंचीवर आहे. आपले महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, यावरून कल्पना यावी. तिच्या आधी, २०१४ साली, कविता अकुला हिला ग्रँड कॅन्यन विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन आपल्या संघात घेतले होते. अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद चालणार नाही, असे त्याने सांगितले. त्या कायद्याच्या मजकुरात खेळाचा शब्दही नव्हता. परंतु त्याचा सर्वांत दृश्य परिणाम झाला तो खेळाच्या मैदानावर. मुलींच्या संघांना प्रशिक्षक, प्रवासखर्च व शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. त्यामुळे तेथे महाविद्यालय हीच खेळाची शिडी झाली. खेळाडू मुलीची फी संघ भरतो आणि तिने परीक्षा उत्तीर्ण होण्याची काळजीही संघच वाहतो, कारण ती नापास झाली तर तिला मैदानावर उतरता येत नाही.

आपल्याकडची शिडी निराळी. केरळची गीतू ॲना जोस आधी व्हॉलीबॉल खेळत असे. चंगनाशेरीच्या असम्प्शन कॉलेजात ती शिकली, बास्केटबॉलकडे वळली आणि दक्षिण रेल्वेत नोकरीस लागली. ऑस्ट्रेलियातील रिंगवुडच्या क्लबकडून खेळणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०११ साली अमेरिकेतील स्त्रियांच्या व्यावसायिक लीगमधल्या तीन संघांनी, शिकागो, लॉस एंजलिस आणि सॅन अँटोनियो यांनी, तिला चाचणीसाठी बोलाविले. करार झाला नाही. ती परत आली, रेल्वेकडून व देशाकडून खेळली, आणि २०१४ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. ही मोठी कामगिरी आहे. पण मधला दुवा पाहा. तिची भाकरी व्यावसायिक संघाने दिली नाही, रेल्वेने दिली.

माझा व्यवसाय सरकारी कागदांचा, म्हणून या दुव्याविषयी मी थोडे अधिकाराने बोलू शकेन. केंद्र सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी जी तरतूद आहे, तिच्यात देशाकडून वा राज्याकडून खेळलेल्यांबरोबरच आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेल्यांचाही समावेश होतो. म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या मुलीच्या हाती जे प्रमाणपत्र येते, त्याचे मोल एखाद्या पदवीइतके असू शकते. लहान गावच्या मुलीचा बाप तिला मैदानावर पाठवितो तो या प्रमाणपत्राकडे पाहून, हे मी अनेकदा अनुभवले आहे, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. पोटाची चिंता नसणाऱ्यांनीच खेळावे असा नियम केला तर आपला संघ पाच जणींचाही होणार नाही.

रेल्वेने या मुलींना सांभाळले हे निर्विवाद. राष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांचे अजिंक्यपद वर्षानुवर्षे तिच्याकडे राहिले. शिरीन लिमयेही रेल्वेकडून खेळली. केरळात वीजमंडळाने अशीच परंपरा निर्माण केली आणि तेथील पी. एस. जीना ही खेळाडू पुढे भारताची कर्णधार झाली. परंतु या व्यवस्थेत एक उणीव आहे. सगळ्या चांगल्या खेळाडू दोनचार कार्यालयांत एकवटल्या की वर्षातून कडवे सामने मिळतात ते मोजके. उरलेले महिने सरावाचे आणि टेबलावरच्या कामाचे. मनगट त्यामुळे मंदावत नसेल, पण शेवटच्या दोन मिनिटांत डोके शांत ठेवण्याची सवय सामन्यांवाचून लागत नाही. चीनची किंवा जपानची मुलगी वर्षभर लीगमध्ये खेळत असते.

याचा पडताळा बंगळुरातच आला. २०१९ च्या सप्टेंबरात आशियाई करंडक पुन्हा या शहरात भरला. आता भारत वरच्या गटात होता. आठ संघांत आपण आठवे आलो. प्रेक्षक आपले, छप्पर आपले, आणि तरीही प्रत्येक सामना गेला. काही टीकाकारांनी दोन वर्षांपूर्वीचे यश नशिबाचे ठरविले. मला हे पटत नाही. कझाकस्तानला हरविणे आणि जपानला हरविणे यांत जे अंतर आहे, ते एका शिबिराने तुटणारे नाही इतकेच त्यावरून दिसते.

शिरीन लिमये खेळत राहिली. २०२३ साली हांगचौ येथे आशियाई खेळ झाले, तेव्हा ती भारताची कर्णधार होती. गटात आपण इंडोनेशियाला आणि मंगोलियाला हरविले, चीनकडून मोठ्या फरकाने हरलो, आणि उपान्त्यपूर्व फेरीत उत्तर कोरियापुढे आपला प्रवास संपला. अनिता पॉलदुरै, जिच्या नेतृत्वाखाली २०१७ चा तो सामना दोन गुणांनी जिंकला, ती जवळपास अठरा वर्षे देशासाठी खेळली होती. तिला २०२१ साली पद्मश्री मिळाली. सामना आणि सन्मान यांत चार वर्षे गेली. तोवर तिने देशाकडून खेळणे थांबविले होते.